घड्याळाच्या काट्यावरची उडी

माझी ताई कपडे दुरुस्त करते. शिवत नाही, दुरुस्त करते. कुणी तिला शिंपीण म्हटलं की ती हा फरक समजावून सांगायला बसते आणि मग ऐकणाऱ्याची लवकर सुटका होत नाही. शिवणाऱ्याचं नाव कॉलरच्या आत टाचलेलं असतं, दुरुस्त करणाऱ्याचं कुठेच नसतं. फाटका कोट तिच्या हातून असा परत जातो की तो फाटला होता यावर कोटवाल्याचाही विश्वास बसत नाही. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकं ते कमी दिसतं. उभा जन्म तिने अशा न दिसणाऱ्या कामात घातला आणि त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तक्रार करायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

ती ज्या दुकानात काम करते त्याच्या मालकाच्या गळ्यात कायम मोजायची पट्टी असते, म्हणून आम्ही दोघी त्याला टेप म्हणतो. टेपने गेल्या कित्येक वर्षांत स्वतः कशाचंही माप घेतलेलं मी पाहिलं नाही. गिऱ्हाइकाने कोट उलटसुलट करून कौतुक केलं की तो मान डोलावून म्हणतो, "आमच्याकडे असंच काम होतं." पडद्यामागे ताई पुढची चेन उसवत असते.

भाऊजींनी लग्नानंतर काही वर्षांतच दुसरीकडे संसार थाटला. त्यांच्याबद्दल लिहायला लागले तर माझी लेखणी घसरेल, म्हणून सोडून देते. मूलबाळ नाही. दोन खोल्यांपैकी एक ताईने भाड्याने दिली होती. तिथे राहणारी मुलगी नर्सिंग शिकत होती. नोकरी लागल्यावर ती घाईघाईत निघून गेली आणि तिचं गेम खेळायचं मशीन मागे राहिलं. ताईने फोन केला तर म्हणाली, "राहू दे काकू, तुम्हीच खेळा." आणि काकू खेळल्या.

मशीनसोबत एकच गेम होता. पुरात बुडत चाललेलं एक गाव, आणि त्यात एक पोस्टवाली छपरांवरून उड्या मारत शेवटचं टपाल टेकडीवर पोचवते. खाली पाणी चढत असतं. सुरुवातीला ताई पहिल्याच छपरावरून पाण्यात पडायची आणि मी हसून हसून लोळायचे. मग ती पडेनाशी झाली. मग तिने वाटा शोधल्या. कुठल्या कौलावर पाय ठेवला की वेग वाढतो, कुठल्या पन्हाळीवरून घसरलं की अख्खी गल्ली वाचते, हे ती मला जेवताना सांगायची. सगळ्यात अवघड जागा म्हणजे मनोऱ्यावरचं घड्याळ. त्याच्या काट्यावर चढायचं, काटा खाली यायला लागला की उडी मारायची आणि लगेच अंगठा शेजारच्या बटणावर सरकवून समोरची झुलती पाटी पकडायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही. हे जमलं नाही तर लांबच्या जिन्याने जावं लागतं आणि सगळी कमाई पाण्यात जाते.

ताईला हे जमायचं. सुईत दोरा ओवावा तितक्या सहज.

त्या गेमच्या खेळाडूंचं इंटरनेटवर एक पान आहे, हे तिला पुढे कळलं. कोण किती वेळात टेकडीवर पोचलं याचा तिथे तक्ता असतो. सगळ्यात वर स्वतःला 'धुकं' म्हणवणारा कुणीतरी होता. ताईने त्याचा खेळ पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "बारके, मी याच्या आधी पोचते." बारकी म्हणजे मी. मला वाटलं, वयाचा परिणाम असेल. पण तिने मला शेजारी बसवून खेळून दाखवलं. खरंच, ती त्याच्या आधी पोचत होती. एकदा नाही, हात गरम झाला की दर दोन-चार खेळांत एकदा.

मी माझ्या फोनवर टीव्हीचं चित्रण केलं आणि त्या पानावर पाठवलं. तिकडच्या लोकांनी नम्रपणे कळवलं की खेळ सुंदर आहे, पण फोनवरचं चित्रण ग्राह्य धरता येत नाही. कुणीतरी पूर्वी अशा चित्रणात लबाडी केली होती. मशीनमधून थेट रेकॉर्ड करणारं यंत्र लावा, सलग चित्र पाठवा, नाव लगेच चढवतो. इथवर ठीक होतं. पण चित्रणाच्या कोपऱ्यात ताईचा हात आला होता, आणि त्याखाली एकाने लिहिलं होतं की आजीबाईंना नातवाने खेळून दिलेलं दिसतंय.

मी चिडले. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, लोकांचं तोंड बंद करायची मला सवय आहे, मी चांगलं चार ओळींचं उत्तर लिहिलं. ताईने ते पाठवू दिलं नाही. ती एवढंच म्हणाली, "यंत्र आणू या."

घाई करायला कारण होतं. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला होता. जन्मभर कात्री धरून दुसरं काय होणार? हाडांच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले होते. पट्टा आणि इंजेक्शन यांवर काही काळ काढायचा, किंवा ऑपरेशन करून सांधा कायमचा जखडून टाकायचा. जखडला की दुखणं संपणार, कात्री घट्ट धरता येणार, पण अंगठा आडवा सरकणार नाही. खाली-वर होईल, शेजारच्या बटणावर जाणार नाही. घाई नाही, तुम्ही सांगाल तेव्हा करू, असं डॉक्टर म्हणाले होते. ताईने मनाशी ठरवलं की आधी तक्त्यात नाव, मग ऑपरेशन. तोवर डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे अंगठा जपायचा, दिवसाला थोडंच खेळायचं.

यंत्र घ्यायला आम्ही दोघी गेलो. विक्रेता उत्साही होता, पण काहीही विचारलं की तो खोक्यावरचं वाचून दाखवायचा. खोकं मलाही वाचता येतं. त्याच्याकडे तीन प्रकार होते. एक कॉम्प्युटर उघडून आत बसवायचं कार्ड. ते बाद झालं, कारण आमच्याकडे माझा लॅपटॉप होता. दुसरा पत्त्याच्या कॅटएवढा चपटा डबा, त्याला दोन तोंडं. एका तोंडातून मशीनचं चित्र आत येतं, दुसऱ्यातून टीव्हीकडे जातं, आणि शेपटीतून लॅपटॉपकडे. तिसरं बोटाएवढं यंत्र, त्याला एकच तोंड. मशीनची वायर त्यात खोचायची आणि ते लॅपटॉपला लावायचं, बस. टीव्हीचा संबंध नाही, खेळायचं ते लॅपटॉपकडे बघून.

विक्रेता म्हणाला, दोन तोंडांचाच घ्या, गेमवाले सगळे तोच घेतात. ताईने विचारलं, का? तो म्हणाला, "चांगला आहे." मी विचारलं, या छोट्यात चित्र खराब येतं का? त्याने खोकी शेजारी शेजारी धरून वाचली. दोन्हीकडे तेच आकडे होते, सेकंदाला तितकीच चित्रं. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

ताईने दोन्ही यंत्रं काउंटरवर ठेवली आणि कापड बघावं तशी बघत राहिली. तिचा हिशोब मला आजही पाठ आहे, कारण तो मला तेव्हा पटला होता. तिच्या टीव्हीचं मागचं भोक सैल झालं आहे. वायरला धक्का लागला की चित्र फडफडतं. त्या लोकांना सलग चित्र हवं. डब्याला एक वायर जास्त, दोन जोड जास्त, आणि त्यातला एक त्या सैल भोकात. "जिथे जोड, तिथे उसवण," ती म्हणाली. "माझ्या आणि खेळाच्या मध्ये हा डबा कशाला? सरळ एका दोऱ्यात जाऊ दे." हे तिच्या धंद्याचं शहाणपण होतं. शिवणीत ते कधी चुकलेलं नाही.

आम्ही बोटाएवढं यंत्र घेऊन ताईच्या घरी आलो.

पहिल्या दिवशी लॅपटॉपवर नुसता काळोख. आवाज नाही, चित्र नाही. नाकी नऊ आले. शेवटी त्या पानावरच्या एकाने कळवलं की मशीनमध्ये नक्कल होऊ नये म्हणून एक कुलूप असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. ते बंद करण्यासाठी परत मशीन टीव्हीला जोडायचं, सैल भोकात वायर धरून उभं राहायचं, बंद करायचं आणि परत लॅपटॉपला आणायचं. एवढं केल्यावर लॅपटॉपवर गाव उजळलं. छपरं, पाऊस, पोस्टवालीची निळी पिशवी, सगळं काचेसारखं स्वच्छ. ताईने इकडेतिकडे एकदोन बटणं दाबून पाहिली. "चालतंय," ती म्हणाली. ती इतकी खूश होती की तिने टेपला फोन करून दुसऱ्या दिवशीची अर्धी रजा मागितली.

दुसऱ्या दिवशी ती घड्याळावरून पाण्यात पडली.

पुन्हा खेळली, पुन्हा पडली. काटा खाली यायला लागला की ती उडी मारायची, आणि पोस्टवाली काट्यावरून घरंगळून मग उडायची, पाटीच्या खालून जायची. ताई म्हणाली, सवय गेली असेल. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तर ती घड्याळापर्यंत पोचलीच नाही, आधीच्या पन्हाळीवरच घसरली. जिथे ती कित्येक महिन्यांत पडली नव्हती तिथे पडत होती. मी शेजारी बसून बघायचे.

मी म्हटलं, या लॅपटॉपमध्ये काही बिघाड नाही ना? ती माझ्यावर उखडली. ती फार क्वचित उखडते. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी या वयात म्हणू का, तिने विचारलं. दुकानात नवीन लागलेल्या मुली टाका वाकडा गेला की मशीनला दोष देतात, आणि ताई त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवते की आधी स्वतःचा हात बघ. ती स्वतःचा हात बघत होती. अंगठा सुजलेला होता, तो दुखत होता, सगळा पुरावा तिच्या समोर होता. तिला वाटलं, मी दाबते असं मला वाटतं, पण अंगठा उशिरा दाबतो. माझं ऐकेनासा झालाय.

मग तिने लवकर दाबून पाहिलं. घड्याळावर एकदा जमलं, तर पुढच्या धुराड्यावर चुकलं. मग धुराड्यावर लवकर दाबलं, तर पाटीवर चुकलं. अंदाज एकदा ढळला की कुठे काय धरायचं तेच कळेना. ती गरम पाण्यात हात बुडवून बसायची, पट्टा काढून खेळायची, पट्टा बांधून खेळायची. डॉक्टरांनी सांगितलेलं थोडंसं खेळणं कधीच मागे पडलं. मी ओरडायचे, ती ऐकायची नाही. एकदा मी दवाखान्यातून तिच्याकडे गेले तर ती लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली होती आणि पोस्टवाली पाण्यात तरंगत होती. ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज नव्हता. मी इतकी हतबल कधीच नव्हते. दात दुखणाऱ्याला मी निदान आत पाठवू शकते.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना. दुकानात एका कोटाचं अस्तर उसवताना तिची कात्री घसरली आणि वरच्या कापडाला चीर गेली. अशी चूक कुणाच्याही हातून होते. टेपच्या हातून झाली असती, जर टेपने कधी कात्री धरली असती. तिने ती चीर अशी रफू केली की कोटवाल्याला कळलंही नाही. पण तिला कळली होती. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली, चहा नको म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"खेळाचं जाऊ दे," ती म्हणाली. "हात कामातूनही गेला तर मी काय करू? उशीर करायला लागलाय तो. निदान कात्रीपुरता तरी राहू दे."

मी म्हटलं, डॉक्टर तर म्हणाले होते अजून वर्षभर सहज निघेल. ती म्हणाली, डॉक्टरांनी तिला घड्याळावरून पडताना पाहिलेलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला आणि जी पहिली तारीख मिळाली ती घेतली.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर खूश, टेप खूश. टेपने संत्री पाठवली. ताईचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बोटं बाहेर, अंगठा आत. ती हसतखेळत होती, म्हणाली, सुटले एकदाची त्या पोस्टवालीच्या तावडीतून.

काही दिवसांनी मी माझा लॅपटॉप घ्यायला गेले. ते यंत्र तसंच खोचलेलं होतं. मी वायर काढायला हात घातला तर ताई म्हणाली, थांब, काढायच्या आधी थोडं खेळ ना. गाव बघावंसं वाटतंय. मला ते कंट्रोलर धड धरताही येत नाही, पण तिचं मन मोडवेना. मी बसले, ती शेजारी बसली. मी पहिल्याच छपरावर धडपडत होते आणि ती माझा अंगठा बघून सूचना देत होती. असा नको ठेवूस, टोकाने दाब, हां, आता उडी.

मी उडी मारली. ताई पुढे झुकली.

"परत दाब," ती म्हणाली.

मी दाबलं. पोस्टवाली उडाली.

"परत."

मला वाटलं, माझं चुकतंय. मी विचारलं, काय झालं? ती माझ्या अंगठ्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होती. खेळणारा कधी स्वतःच्या अंगठ्याकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो. इतके महिने तिनेही कधी बघितलं नव्हतं. आज तिला पहिल्यांदा अंगठा आणि पडदा दोन्ही बाहेरून दिसत होते. मग मीही बघितलं. मी बटण दाबत होते, अंगठा खाली टेकत होता, आणि मग, अगदी जरासं थांबून, पोस्टवाली उडत होती. चित्र मशीनमधून त्या यंत्रात, यंत्रातून लॅपटॉपमध्ये जाऊन पडद्यावर येईपर्यंत मागे पडत होतं. फार नाही. बघणाऱ्याला कळणारही नाही इतकं.

ताई उठली. एका हाताने तिने मशीनची वायर यंत्रातून उपसली आणि टीव्हीच्या मागे गेली. सैल भोकात खोचून, डाव्या हाताने दाबून धरून ती तिथेच वाकून उभी राहिली आणि मान काढून मला म्हणाली, "आता दाब."

मी दाबलं. अंगठा आणि उडी एकदम.

"परत."

एकदम.

मी कितीदा दाबलं मला आठवत नाही. मला रडू येत होतं. दोन तोंडांच्या डब्यातून चित्र न थांबता टीव्हीवर गेलं असतं, दुसरं तोंड त्याचसाठी होतं. मला त्या विक्रेत्याच्या दुकानात जाऊन ती सगळी खोकी रस्त्यावर फेकावीशी वाटत होती. ताईने वायर सोडली. चित्र फडफडलं आणि गेलं. ती पलंगावर येऊन बसली आणि प्लास्टरचा हात तिने मांडीवर ठेवला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. म्हटलं, ताई, दुखत तर होताच ना गं. आज ना उद्या करावंच लागलं असतं.

"दुखत होता," ती म्हणाली. "पण वेळेवर होता."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने डाव्या हाताने प्लास्टरच्या कडेतून आत बोट घालून पाहिलं, अंगठ्यापर्यंत ते पोचलं नाही.